टाच टेकलेली हवी

मी लाकडी फूटपट्टी बोलतेय. कुडाळच्या एका दवाखान्यात भिंतीला डोकं टेकवून जमिनीवर पडलेली असते. लोळत पडलेय असं समजू नका. माझ्या शब्दावर इथे माणसं माडावर चढतात.

माझं लहानपण शिरोड्याच्या शाळेत गेलं, संचिताच्या दप्तरात. समास आखले, दोन-चार पोरांच्या हातावरही बसले, नाकारत नाही. संचिता शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि मला बरोबर घेऊन आली. पण माझ्या टोकाला शून्याच्या आधी अर्ध्या सेंटीमीटरचा कोरा तुकडा होता. भिंतीपासून मोजायचं तर दरवेळी तेवढी चूक होणार. संचितानं करवत घेतली आणि तो तुकडा उडवला. दुखलं हो. पण तेव्हापासून माझं शून्य भिंतीला चिकटून असतं, आणि माझा आकडा कुणी खोडून दाखवावा.

घोटा किती वाकतो ते मी सांगते. अनवाणी भिंतीसमोर उभं राहायचं, गुडघा भिंतीला टेकवायचा, टाच जमिनीला. मग पाऊल जमेल तितकं मागे घ्यायचं. अंगठा आणि भिंत यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितका घोटा मोकळा. सोपं वाटतं ना? पण टाच कधी उचलली जाते ते माणसाला स्वतःलाही कळत नाही. म्हणून संचिता टाचेखाली कागद सरकवते आणि त्याचं टोक हातात धरते. कागद सुटून आला की टाच उचललेली.

वालावलचे हरिश्चंद्र काका माडावर चढून नारळ पाडायचे. एकदा पाय निसटून पडले, घोटा मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा चांगल्या पायाचे अकरा सेंटीमीटर भरले, मोडलेल्याचे तीन. संचितानं बजावलं, "काका, दहा झाल्याशिवाय माडाला पाय लावायचा नाही."

दोन महिन्यांनी काका ऐटीत उभे राहिले. "बघ गो बाय, धा झाले." अंगठा माझ्या दहावर होता खरा. संचितानं कागद ओढला, तर तो अलगद हातात आला.

"कागद वाऱ्यान सरकलो," काका म्हणाले.

"पंखो बंद आसा," त्यांची बायको तुळसा कोपऱ्यातून म्हणाली.

टाच टेकवून मोजलं, सात भरले. काका माझ्यावरच उखडले. "ह्या लाकडाक काय कळता? बागायतदार दुसरो माणूस बघतत. माझो धंदो जातलो." मला वाईट वाटलं, पण मी आठ म्हटलं नाही.

"धंदो जाऊंदे," तुळसा पुढे येत म्हणाली. "तुमी वरसून पडलात तेव्हा खाली मी होतंय."

काकांनी पुढचा दीड महिना पडवीच्या भिंतीशी रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम केला म्हणे.

परवा ते आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "कागद तू धर गो. जोरात खेच."

अंगठा दहावर. तुळसानं दोन्ही हातांनी कागद खेचला. तो टर्रकन फाटला, अर्धा तिच्या हातात, अर्धा काकांच्या टाचेखाली. तो अर्धा कागद धरून ती रडायलाच लागली.

माझे तीन ते अकरा आकडे आता घासून पुसट झालेत, संचिता बॉलपेननं पुन्हा गिरवते. तुम्ही माझ्यासमोर याल तेव्हा मला खूश करायला टाच उचलू नका. तीन असतील तर मी तीनच सांगेन. दहा सांगेन तेव्हा बिनघोर चढा. खाली कुणीतरी वर बघत उभं असतं.