खालचा की वरचा

"ओळखलंस का मला?" हॉटेलात समोरच्या बाकावर येऊन बसत त्या माणसानं विचारलं.

रॉइस टॉलिव्हरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हल्ली तो सगळ्यांकडेच असं पाहायचा. लोकांना बरं वाटतं, असं बायकोनं सांगितलं होतं.

"मी वेंडेल प्रुइट. क्लीव्हलँड, शहाऐंशीचा डिसेंबर. चेंडू हातात आला न आला, तोच तू येऊन आदळलास. हा डावा कान तेव्हापासून बंद."

रॉइस अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला. चेंडू त्याच्या हाती क्वचितच आला. चेंडूवाल्याला आडवं करायचं, एवढंच त्याचं काम. तो धडकला की साठ हजार माणसं उठून उभी राहायची. कधीकधी तोच उठायचा नाही. मग कोणीतरी शुद्धीवर आणायला नाकाशी अमोनिया धरून बोटं किती ते विचारायचं. उत्तर बहुतेक दोन असतं, हे त्याला लवकर कळलं होतं. शेवटी मानेतली नस दबली, उजवा हात बधिर झाला आणि एका सकाळी संघाच्या खोलीतलं त्याचं कपाट रिकामं करून ठेवलेलं दिसलं.

"माफ कर," तो म्हणाला.

वेंडेलनं उजवा कान पुढे केला. "काय?"

"माफ कर म्हटलं."

"अरे, माफी कसली मागतोस! टीव्हीवर दिसलो तो तेवढा एकदाच. नातवंडं अजून बघतात. बहिणीकडे चाललो होतो, म्हटलं तुझी सही घेऊन जावी." त्यानं फोटो पुढे सरकवला.

फोटोत एक माणूस हवेत आडवा झाला होता. दुसरा खालून त्याच्या छातीत डोकं खुपसून.

"यातला मी कोणता?"

वेंडेल खो खो हसला. रॉइस हसत नाही हे पाहून थांबला.

"खालचा," तो हळूच म्हणाला.

रॉइस बराच वेळ त्या खालच्याकडे पाहत राहिला. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

हॉटेलात वाढणाऱ्या अर्लीननं मांसाची ताटली आणून ठेवली. "रॉइस, बायको औषधांच्या दुकानात अडकलीय तुझी. मी देऊ का रे कापून?"

"जमेल मला."

सुरी बोटांतून निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. वेंडेलनं फोटो गुपचूप पाकिटात सारला, ताटली आपल्याकडे ओढली.

"मोठे करू की लहान?"

"लहान," रॉइस म्हणाला आणि डाव्या हातानं त्यानं रुमाल गळ्याशी खोचून घेतला.