मी गुरगुरायचं सोडलं

मी जमादार बोलायलोय. पोलिसातला न्हाई, भागाबाईच्या ओट्यावरला, डावा कान फाटलेला, बारा वर्षांचा कुत्रा. हे नाव मला भागाबाईच्या मालकानं, पिराजीनं दिलं. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाची शेळी कोणाच्या दारात शिरली, ह्याचा मी रोज सकाळी फेरा मारून तपास करायचो, म्हणून जमादार. पगार काही नव्हता, पण रुबाब होता.

जन्म माझा हुमनाबादच्या हायवेवर, एका धाब्यामागं, जुन्या टायरांच्या ढिगात. पिराजी तिथं चहाला उतरला होता. त्यानं मला पिशवीत घातलं आणि आळंदच्या बसमध्ये बसला. पिशवीत काय हाय, असं कंडक्टरनं कन्नडात विचारलं. भाकरी हाय, असं पिराजीनं कन्नडातच सांगितलं. तेवढ्यात भाकरी भुंकली. ही गोष्ट पिराजी मरेपर्यंत सांगत राहिला आणि दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं शेपूट हलवत राहिलो.

आमचं गाव कर्नाटकात, आळंदजवळ, म्हणून बाहेर कन्नड आणि आमच्या घरात मराठी. भागाबाई कन्नड फाडफाड बोलती. ओट्यावर कोणी परकं माणूस आलं की "बा, कूडु" म्हणती, म्हणजे ये, बस. घरच्यांशी मात्र मराठीच. माझ्याशी बी मराठीच. कुठं उंडारत होतास रं, असं तिनं खेकसून विचारलं की मला बरं वाटायचं. परक्याला कोणी असं विचारत न्हाई.

चार वर्षांमागं पिराजी गेला. लेक प्रेरणा गुलबर्ग्याला कॉलेजात शिकवती. घरात राहिलो आम्ही दोघं. तिचे गुडघे दुखायचे, माझी मागची तंगडी. तूर निवडता निवडता ती मला सगळं सांगायची. लहानपणी तिला लोकांच्या दारात लांब उभं राहावं लागायचं, पाणी वरून ओंजळीत घालायचे. तेव्हाच तिनं ठरवलं होतं म्हणे, उद्या आपलं घर झालं तर आपल्या दारात आलेल्याचा अपमान होऊ द्यायचा न्हाई. ते तिनं पाळलं. आमच्या ओट्यावरून कोणी तोंड पाडून गेलेलं मी बघितलं न्हाई.

मागच्या दिवाळीनंतर एकदा प्रेरणाचा फोन आला. भागाबाईला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जातो. जमादारचं आता वय झालं, तो गेल्यावर तू एकटी कशी राहशील, एक पिल्लू आणते, असं प्रेरणा म्हणाली. मी दोन हातांवर बसलो होतो, चांगला जिताजागता. भागाबाईनं माझ्याकडं बघितलं. ती न्हाई म्हणेल असं मला वाटलं. कधी आणतीस, असं तिनं फोनात विचारलं.

पुढच्या रविवारी पिल्लू आलं. प्रेरणाचे गुलबर्ग्याचे घरमालक शिवय्या, त्यांच्या कुत्रीचं. नाव चिन्नू. रंग गव्हाळी, पाय आखूड, आणि अक्कल त्याहून आखूड.

खोटं कामून बोलू, प्रेरणानं सगळं नीट केलं होतं. जनावरांच्या डॉक्टरला विचारून तिनं कागदावर लिहून आणलं होतं आणि आईला तीनदा वाचून दाखवलं. दोघांची पहिली भेट घराबाहेर घडवायची. जुन्याला आधी जेवण, जुन्याला आधी हात लावायचा. ताटल्या लांब लांब. शेवटची ओळ तिनं बोट ठेवून वाचली.

"तो गुरगुरला तर दटावू नको, माय. ते त्याचं सांगणं असतंय. सांगायचं बंद केलं, तर न सांगता चावंल."

ह्या पोरीला शिकवल्याचं चीज झालं, असं मला मनापासून वाटलं. आमची भेट पाण्याच्या टाकीजवळ झाली. मी चिन्नूला हुंगलं, तो भिऊन जागेवरच मुतला. एवढं झाल्यावर मी बी जास्त ताणलं न्हाई. दुपारच्या बसनं प्रेरणा गेली.

चिन्नूला शिवय्यांच्या घरचं कन्नडच कळायचं. म्हणून भागाबाई त्याच्याशी कन्नडात बोलायला लागली आणि तिथंच सगळं बिघडलं. ओट्यावर ज्याच्याशी कन्नडात बोलायचं तो पाहुणा, आणि पाहुण्याचं ताट आधी, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. पहिल्या संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन ती आम्हा दोघांच्या मधी उभी राहिली. कागद तिला आठवत होता. तरी तिनं ताटली आधी त्याच्यासमोर ठेवली आणि मला म्हणाली, पाहुणा हाय रं, त्याला बसवून तुला कसं वाढू?

मला बी ते पटलं. पाहुणा म्हणल्यावर दोन-चार दिवसांत जाणार, असं मी धरून चाललो. शहाणा म्हणवणारा जमादार, पण एवढा साधा तपास चुकला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या पोत्यावर येऊन पसरला. मी गुरगुरलो. फार न्हाई, थोडंच, सरक बाजूला एवढ्याच अर्थाचं. शेजारची चंद्रम्मा तेव्हा ओट्यावर बसली होती. तिच्यासमोर भागाबाईचा चेहरा शरमेनं उतरला. आपल्या दारात आलेल्याला असं बोलतेत का, लाज काढायलास माझी, असं ती मला म्हणाली. मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं, मी विसरलो असतो. तिची लाज मला बघवली न्हाई.

मग मी गुरगुर गिळायला लागलो. तो माझं शेपूट चावायचा, मी गिळायचो. माझ्या पाण्यात पाय घालायचा, मी गिळायचो. आठ-दहा दिवसांत मी एवढा तरबेज झालो की गळ्यातून आवाजच निघंना. भागाबाईनं हरखून फोन केला, जमादार आता एक शब्द बोलत न्हाई, त्यानं लेकरू मान्य केलं. पलीकडून प्रेरणा बी हरखली.

एक दिवस भागाबाई सुपात तूर घेऊन बसली होती. चिन्नूनं तिच्या पदराचं टोक दातात धरून ओढलं. "सोड की रं बाळा," ती म्हणाली, "फाडायलास का माझा पदर?"

मराठीत. तिच्या ध्यानात बी आलं न्हाई. त्याला मात्र कळलं, त्यानं पदर सोडला. मी तिथंच बसून राहिलो. त्या संध्याकाळी मी काही खाल्लं न्हाई. चिन्नू आता पाहुणा राहिला नव्हता, पण ताटली आधी त्याचीच. ती सवय तिला लागून गेली होती.

त्यानंतर तीन दिवसांनी घडलं. त्याचं खाऊन झालं आणि त्यानं येऊन माझ्या ताटलीत तोंड घातलं. गुरगुर गळ्यापर्यंत आली. मी ती गिळली. आणि तोंडानं दुसरंच केलं.

त्याच्या डोळ्याखाली माझा दात लागला. केवढं ओरडलं ते पिल्लू. भागाबाईनं त्याला पदरात उचललं, पदर लाल झाला. तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं न्हाई, काही समजत नसल्यासारखं.

"एवढं मनात होतं, तर बोलला कामून न्हाईस रं?"

मला माझी लाज वाटली. तिचा राग बी आला. दोन्ही अजून तसंच हाय.

आळंदच्या दवाखान्यात चिन्नूला पाच टाके पडले. प्रेरणा आली, कागद पुन्हा निघाला. भागाबाई एकेका ओळीवर विचारत होती, हे केलं होतं ना मी, हे तर केलं होतं. शेवटच्या ओळीवर प्रेरणाचं बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून करून बघू, मधी दार लावून ठेवू, असं प्रेरणा म्हणाली. भागाबाई म्हणाली, माझ्या गुडघ्यानं मी दिवसभर दोघांच्या मधी कशी पळू? पिल्लाचा डोळा गेला तर? शिवय्या त्याला परत घ्यायला तयार नव्हते. मग राहिलो मी. गावाबाहेर ओळखीच्या भीमण्णाचं तुरीचं शेत हाय, तिथं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी मला ठेवायचं ठरलं. वाईट मनानं कोणी ठरवलं न्हाई. दोघी रडत होत्या.

जायच्या दिवशी सकाळी मला ओट्याच्या खांबाला बांधलं होतं. भागाबाई आत माझ्यासाठी भाकरी बांधत होती. चिन्नू टाक्यांचं तोंड घेऊन हळूहळू आला. थोडा वेळ लांब थांबला, मग येऊन माझ्या पोटाला लागून झोपला. त्या वेळी मी काही गिळलं न्हाई. गुरगुर आलीच न्हाई. केवढंसं ते अंग, गरम, छाती भराभर हलणारी. राहू दे, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी त्याच्या डोक्यावर हनुवटी ठेवली.

भागाबाई बाहेर आली. तिनं बघितलं, मी आवाज न करता त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलेलं हाय. हातातली भाकरी टाकून ती गुडघ्यांची पर्वा न करता धावली आणि त्याला माझ्यापासून ओढून घेतलं. माझ्या गप्प बसण्यावर तिनं विश्वास तरी कसा ठेवावा? तेवढ्यात भीमण्णाचा टेम्पो आला.

आता मी इथं हाय. भीमण्णा भला माणूस. "बा" म्हणतो, "कूडु" म्हणतो, पोटभर घालतो. तंगडी आता पार आखडली, उठायला दोनदा प्रयत्न करावा लागतो. पंधरा दिवसांखाली भागाबाई आली होती, डाळीत कालवलेली भाकरी घेऊन. वास आल्याबरोबर मी उठलो. ती भीमण्णाशी कन्नडात बोलत होती, चिन्नूची जखम भरली, आता गल्लीत फेरा मारतो, असं काहीबाही. बोलता बोलता तिनं ताटली माझ्यापुढं सरकवली आणि त्याच बोलण्याच्या भरात म्हणाली, "तिन्नु." खा. तिच्या ध्यानात आलं न्हाई. मी खाल्लं. ती जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिलो.

तुमच्या घरात कोणी म्हातारं कुत्रं असंल आणि तुम्ही पिल्लू आणणार असाल, तर आणा, माझं काही म्हणणं न्हाई. फक्त म्हाताऱ्याला गुरगुरू द्या. पाहुण्यांसमोर लाज वाटली तरी गुरगुरू द्या. गुरगुरणारा अजून तुमच्याशी बोलत असतोय.

इथं मला कोणी दटावत न्हाई. दिवसभर गुरगुरलो तरी चालतंय. पण माझ्या ताटलीपाशी कोणी येतच न्हाई.