मी मान खाली घातली

"म्हातारा गेला? आणि कळवलंही नाहीस?"

कारखान्यातल्या शिवदासने मला हजेरीच्या पंचिंग मशीनपाशीच गाठलं. त्याची नजर माझ्या डोक्यावर होती. गोटा केलेला, मिशीही उतरवलेली. दीड महिन्यापूर्वी रजेच्या अर्जात 'वडिलांचे आजारपण' असं मीच लिहिलं होतं. दोन अधिक दोन त्याने केले.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बोरीवलीच्या आमच्या खोलीत रेशनचे तांदूळ निवडत होते. "नाही रे, मलाच ब्लड कॅन्सर झालाय, परळला औषधं चालू आहेत, केस पुंजक्यांनी गळायला लागले म्हणून उतरवले," एवढंच सांगायचं होतं. पण ते साल शहाऐंशी होतं. हे कळलं असतं तर मी हात लावलेल्या माठातलं पाणी कुणी प्यायलं नसतं, आणि कंपनीच्या डॉक्टरने 'अनफिट' लिहून मला घरी बसवलं असतं. वय सव्वीस, घरात कमावता मी एकटा.

मी मान खाली घातली. बस, एवढंच केलं. बाप मारायला तेवढं पुरलं.

पेनांच्या त्या कारखान्यात माझं काम निबं तपासायचं. सुपरवायझरने स्टूल दिलं, ओझी उचलू नको म्हणाला. लोक हळू आवाजात बोलायचे. मला ते बरं वाटायचं आणि त्याचीच जास्त लाज वाटायची. खरं तर बापाआधी मीच जाण्याची शक्यता अधिक होती, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी परळला इंजेक्शन, रविवारी बादलीशेजारी पडून राहणं. अशाच एका रविवारी सकाळी पडद्यापलीकडून शिवदासचा आवाज आला. लोक समाचाराला घरी येतात, हे मला सुचलंच नव्हतं!

"जयवंतचे वडील गेल्याचं कळलं. आपण कोण?"

कारखान्यातली ही थाप मी घरी सांगितली नव्हती. मला वाटलं, संपलं सगळं.

"मी त्येचो चुलतो," आबा म्हणाले. "गावासून इलंय. जयवंत भायर गेलोहा. बसा."

शिवदास बसला. जयवंतने हाय खाल्लीय, किती वाळलाय, म्हणाला. मग आबांना आबांबद्दलच सांगू लागला. "तुमचे भाऊ म्हणजे देवमाणूस हो. जयवंत नेहमी सांगायचा, छत्तीस वर्षं गिरणीत काढली, पण एक खाडा नाही." आबा "होय, होय" करत होते. "आईंना जरा भेटलो असतो," शिवदास म्हणाला.

मी सरकत पडद्यापाशी गेलो.

"वयनी," आबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "जरा भायर येवा. कारखान्यातलो माणूस समाचाराक इलोहा."

लग्नाला तीस वर्षं झालेल्या बायकोला त्यांनी वयनी म्हटलं. आत भांड्याचा आवाज थांबला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग आई आली. डोक्यावरून पदर, मंगळसूत्र पोलक्यात खोचलेलं, हिरव्या बांगड्या दिसू नयेत म्हणून हात पदराखाली. कपाळ मोकळं. मधोमध घासून लाल झालं होतं.

मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. माझ्या नोकरीसाठी तिने नवरा जिवंत असताना कुंकू पुसलं होतं. त्या क्षणी मीच मेलो असतो तर बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं.

"जयवंतला सांभाळा," शिवदास म्हणाला आणि रीतीप्रमाणे 'येतो' न म्हणता गेला.

आबांनी कडी लावली. पडदा सारून मला म्हणाले, "बरा बोललो तो माझ्याबद्दल. जितो असताना कोण बोलता इतक्या?" आणि हसले. मला हसता आलं नाही. "आबा, मी..." एवढंच निघालं.

"गप ऱ्हव. आधी बरो हो."

आई भिंतीला टेकून बसली होती. आबांनी खिळ्यावरचा आरसा काढला, कुंकवाची डबी तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसून आरसा धरला.

"उद्या पयली शिफ्ट मां तुझी?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं. "डब्याक काय देव?"

आरसा हलत होता. तिने डाव्या हाताने आबांचं मनगट घट्ट धरलं आणि उजव्या हाताने कुंकू लावलं.