तीस दिवसांचा शब्द

आमच्या घराण्यात तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची सोय नाही. आजोबा एकदा एका पाहुण्याला म्हणाले, "हवं तेवढं राहा." तो एकोणीस वर्षं राहिला. तेव्हापासून घरात सगळे जपून बोलतात. "उद्या येतो" असं कोणी म्हणत नाही, "दिसलो तर आलो समजा" म्हणतात.

सगळ्यांत जपून बोलायची ती माझी आत्या, कारण तिचा शब्द सगळ्यांत जड. ती ताडपत्र्या आणि तंबू शिवायची. एका सर्कशीच्या मालकाला ती म्हणाली होती, "शिवण उसवणार नाही." त्या साली वादळाने तो तंबू खांबांसकट उचलून नेला. चौथ्या दिवशी नदीपलीकडच्या माळावर सापडला. कापडाच्या चिंध्या होऊन कधीच उडाल्या होत्या, पण शिवणी होत्या. नुसत्या शिवणी, तंबूच्या आकारात, हवेत ताठ उभ्या. मी स्वतः आत जाऊन आलोय. आत वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नव्हती.

अशा बाईला एका माणसाने लग्नाचं विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आम्ही घरात त्याला लिफ्टवालेच म्हणायचो. आत्या म्हणाली, "विचार करते." झालं, शब्द गेला. मग ती अकरा वर्षं विचार करत होती. रोज सकाळी चहा झाला की अर्धा तास, दार लावून. लिफ्टवाल्यांनी कधी घाई केली नाही. ते दर आठवड्याला एकच जाकीट शिवायला आणायचे. शेवटी शेवटी त्या जाकिटात कॉलर तेवढी मूळची उरली होती, बाकी सगळा आत्याचा दोरा.

मग त्यांना लांबचं काम आलं. दोन दिवसांच्या वाटेवर एक खाण होती, तिची लिफ्ट जमिनीत इतकी खोल जायची की खाली उतरलेला माणूस वर येईपर्यंत त्याची दाढी वाढायची. काम किती महिने चालेल कोणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी निघायचं होतं. जाकीट घ्यायला आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एखादा फोन घेतलात तर बरं. आवाज तरी कानावर पडेल."

ते गेल्यावर आत्याने मशीनवर झाकण घातलं. हा माणूस असाच गेला तर परत जाकीट घेऊन येणार नाही, हे तिला कळत होतं. आणि फोन तिने आजवर घेतला नव्हता, कारण फोन म्हणजे करार, करार म्हणजे सही, आणि सही म्हणजे आमच्याकडे जन्माचं झालं.

शनिवारी दुपारी ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मी सही करायला लागले तर माझा हात धर."

दुकानात काउंटरवर केसांत पेन खोचलेली एक बाई होती. तिने सवयीने सगळ्यांत मोठा प्लॅन पुढे केला. दोन वर्षांचा करार, बरोबर नवा फोन, चोवीस महिने काही बघायला नको. आत्या म्हणाली, चोवीस महिन्यांत ताडपत्रीचा रंग उतरतो, मग माझं काय सांगू. बाईंनी बारा महिन्यांचा काढला. आत्या उठली, पिशवी उचलली. मी म्हटलं संपलं.

तेव्हा त्या बाईंनी, खालच्या फळीवरचा उरलासुरला माल दाखवावा तसं, एक छोटंसं कार्ड पुढे सरकवलं.

"मावशी, हे एक आहे. नुसतं सिम. फोन कुठलाही साधा घाला. तीस दिवसांचं, पुढचं बंधन नाही."

"म्हणजे एकतिसाव्या दिवशी मी मोडलं तर?"

"मोडायचं काय त्यात? पुढचं घेतलं नाही की आपोआप थांबतं."

"कारण द्यावं लागतं?"

"नाही."

"तुम्ही मनाला लावून घेणार?"

"मी कशाला लावून घेऊ?" बाई हसायला लागल्या, पण आत्याचं तोंड बघून गप्प झाल्या.

आत्या खाली बसली. मी तिला वादळात बघितलंय, सर्कशीतला सिंह तिच्या कात्रीचा वास घेत होता तेव्हा बघितलंय. असा चेहरा तिचा कधी झाला नव्हता. जगात असा शब्द असतो, जो पुरा खरा असतो आणि तरी तीस दिवसांत संपतो, हे तिला पन्नाशीत कळत होतं.

मग तिने अटी वाचायला मागितल्या. आमच्यात न वाचता होकार देत नाहीत. एक्केचाळीस पानं होती, बारीक अक्षरात. ती मोठ्याने वाचू लागली. आधी रांगेतली माणसं कुरकुरली. सातव्या पानाला एकाने तिला पाणी आणून दिलं. पंधराव्या पानाला लोक खुर्च्या ओढून बसले. तिच्या तोंडून प्रत्येक अट अशी निघत होती की समोरच्या माणसाने खिशातला फोन काढून हळूच टेबलावर ठेवावा, सांभाळून. तिसाव्या पानाला मी बघितलं, दुकानातल्या एकूण एक फोनला पूर्ण रेंज आली होती. बंद पडलेल्यांनासुद्धा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, नऊ वर्षं विकतेय, पण काय विकतेय ते आज ऐकलं.

शेवटच्या पानावर एक चौकट होती, तिथे आधीच खूण केलेली. आत्याने विचारलं, हे काय. बाई म्हणाल्या, दर महिन्याला प्लॅन आपोआप चालू राहतो, तुम्हाला लक्षात ठेवायला नको.

"ते काढा," आत्या म्हणाली. "मी न बोलता माझा शब्द कोणी पुढे न्यायचा नाही. दर वेळी मी स्वतः देईन."

बाईंनी खूण काढली. आत्याने सही केली. मी हात धरला नाही.

तिथलाच एक साधा फोन घेऊन त्यात सिम घालून ती सरळ लिफ्टवाल्यांच्या खोलीवर गेली, मी मागोमाग. ते हत्यारांची पेटी भरत होते. पाने मापाप्रमाणे लावलेले, तेलाची डबी फडक्यात गुंडाळलेली. आत्या दारात उभी राहिली. तोंड उघडायची, मिटायची. मग तिने फोन काढला आणि समोर चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला फोन लावला.

त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि कानाला लावला.

"तीस दिवस," आत्या फोनमध्ये म्हणाली. "तीस दिवसांचं लग्न. मी बरोबर येते."

लिफ्टवाले आयुष्यभर दोरावरचं वजन तोलत आलेले. त्यांनी हेही तोललं. "आणि एकतिसाव्या दिवशी?"

"तुम्ही परत विचारायचं. आपोआप काही नाही."

"बरं," ते म्हणाले. फोन दोघांनीही ठेवला नाही. नुसते श्वास ऐकत उभे होते. मी पेटीचं झाकण लावलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

याला आता अठरा वर्षं झाली. दोनशे एकोणीस वेळा त्यांनी विचारलंय, आणि एकदाही गृहीत धरून नाही. ते खाणीच्या तळाशी असोत की एखाद्या उंच इमारतीत, तीस दिवस भरले की दुपारी चार वाजता हातातलं काम थांबतं आणि फोन लागतो. मागच्या महिन्यात एका इमारतीत मी त्यांच्याबरोबर होतो. लिफ्ट नवव्या मजल्याजवळ अडकलेली, आत सात माणसं. लिफ्टवाले तिच्या छतावर, उघड्या झडपेपाशी, कानाला फोन, डोळे मिटलेले. आतल्या कोणी घंटी वाजवली नाही. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी सातही जण टोप्या काढून, श्वास रोखून वर बघत होते.

फोनमधून आत्याचा आवाज आला, छान खणखणीत. "हो. हेही तीस."

आणि लिफ्ट, कोणी बटण दाबायच्या आत, वर चढू लागली.