का?

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं शिपाई असलेल्या माणसाला सगळी पोरं मामा म्हणत. त्याची मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. "म्हणजे अख्ख्या कॉलेजची तू मामेबहीण," अशी तिची चेष्टा व्हायची.

वापरलेल्या टेस्ट ट्यूब धुताना तळाशी चिकटलेला रंग बघून मामा सांगायचा, कोणाचं काय चुकलं. "खिडकीजवळच्यानं घाई केली. थेंब थेंब घालायचं, तर यानं ओतलं भसकन." परीक्षेत एखादीचा हात थरथरत असला, की तिच्या मागून जाताना हळूच म्हणायचा, "आता एकच थेंब, बाळ." त्या एका थेंबावर कितीतरी जण पास झाले. दोघं तर प्राध्यापक होऊन इथंच परत आले आणि म्हणाले, "मामा, जरा पाणी आणा."

मग सरकारी कॉलेजांची फी माफ करणाऱ्या कायद्याचा मसुदा आला. त्याची प्रत कॉलेजच्या फलकावर लागली. मुलगी ती वाचून बापाला सांगायला लॅबमध्ये धावत आली. तो जागेवर नव्हता. त्याचा डबा घ्यायला तिनं बेसिनखालचं कपाट उघडलं, तर डब्याखाली एक जाड जर्नल. वेगवेगळ्या रंगांची पानं दोऱ्यानं शिवलेली. चाळीस प्रयोग, पेन्सिलीच्या नीट आकृत्या, निरीक्षणं. प्रत्येक पानावर उजवीकडं त्यानं स्वतः आखलेला एक रकाना होता. वर लिहिलं होतं, 'का?' आणि खाली चाळीसही पानांवर कोरं.

"पोरांनी टाकलेली पानं आहेत," दारातून मामा म्हणाला. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "कॉलेजचा कागद नाही घेतला एकही."

"बाबा, हे कधीपासून?"

"असंच. कायदा होणार म्हणतात ना? झाला की नाव घालावं म्हटलं. पहिल्या वर्षाला. तोवर तू तिसऱ्याला जाशील, म्हणजे तुला लाज नको."

तिनं कलम चार वाचलं होतं. पंचवीस वर्षं पूर्ण न झालेल्यांनाच फी माफ.

तिनं सांगितलं. "बरं," म्हणाला आणि त्यानं ब्रश उचलला.

पंचविसाव्या वर्षी तो याच बेसिनपाशी येऊन उभा राहिला होता, कारण घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. ज्यांनी कलम लिहिलं, त्यांना पंचविशीत कोणीतरी डबा भरून देत असणार. त्यापुढं माणसाला काही जाणून घ्यावंसं वाटतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लोकांचं म्हणणं ऐकायला समिती कॉलेजच्या सभागृहात येणार होती. मुलीनं बापाचं नाव देऊन टाकलं आणि त्या दिवशी सकाळी सांगितलं.

"माझं हसं करायला निघालीस?"

"हसले तर मला हसतील. नाव मी दिलंय."

"मी बोलणार नाही. मला खुर्च्या लावायच्यात."

खुर्च्या त्यानंच लावल्या. तो समितीपुढं ग्लास ठेवत होता, तेवढ्यात पुकारा झाला, "सतरा नंबर."

कोणी उठेना. शेवटच्या रांगेतून मुलगी नुसती बघत राहिली. मामानं हातातला जग टेबलावर टेकवला.

"मीच तो."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी कागद चाळला. "एक्कावन्न वय. आता शिकून करणार काय?"

"साहेब, नळीतला रंग कधी बदलतो ते मी सव्वीस वर्षं पोरांना सांगतोय. का बदलतो ते मला ठाऊक नाही. कोणाला विचारलं नाही. शिपायानं कसं विचारायचं? विचारायला फी भरलेली लागते." त्यानं जग पुन्हा उचलला. "आता फी काढताय, तर मलाही विचारू द्या. एवढंच."

आणि अध्यक्षांचा ग्लास अर्धाच भरला होता म्हणून त्यानं तो पूर्ण भरला.

"सूचना नोंदवून घेतली," अध्यक्ष म्हणाले. नोंदवून घ्यायला त्यांचं काय जातं?

दुपारी लॅब रिकामी होती. मुलीनं एक स्टूल ओढलं. "बसा."

"कामं पडलीत."

"बसा म्हणते ना."

ती स्टुलं तो रोज पुसायचा. बसला कधीच नव्हता. टेकला, तोही कडेला. मुलीनं जर्नल उघडून पुढ्यात ठेवलं. "कलम बदलेल तेव्हा बदलेल. विचारा."

त्यानं पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हे गुलाबी का होतं?"

"अल्कली जास्त झाली की दर्शकाचा रंग गुलाबी होतो."

"हे तर तू सातवीत असताना मीच तुला सांगितलं होतं. पण का?"

या प्रयोगात तिला पैकीच्या पैकी मार्क होते.

"माहीत नाही, बाबा."

"फी भरून?"

"फी भरून."

मामा हसला. इतका हसला, की स्टूल हललं आणि तो नकळत नीट मागं सरकून बसला. तीही हसली, डोळे पुसत म्हणाली, "उद्या मॅडमना विचारते मी."

त्यानं जर्नल स्वतःकडं ओढलं.

"तू नको," तो म्हणाला. "मी विचारतो."