माझ्या पोटातलं सरोवर

मित्रांनो, मोठ्या सरोवराच्या काठी वसलेल्या किसुमू शहरातल्या कोंडेले भागात, तळलेल्या ओमेना मासळीचा वास कायम भरलेल्या एका गल्लीत, पत्र्याच्या दुकानात मी राहतो. मी एक जुना संगणक आहे. इतका जुना, की मला सुरू करायला बटण तर दाबावं लागतंच, वर डोक्यावर एक थापही द्यावी लागते. ती थाप नेमकी कुठे द्यायची, हे दुकानाच्या मालकिणीलाच ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी दिली तर मी मुद्दाम ढिम्म बसून राहतो.

माझा जन्म एकाच जागी झाला नाही. माझी पेटी एका कचेरीतली. मेमरी एका शाळेच्या मोडीत निघालेल्या संगणकाची. पंखा कुणाचा, देव जाणे, पण त्याचा मूळ धनी दम्याचा रोगी असावा. हे सगळं बाजारातून गोळा करून मालकिणीनेच मला उभं केलं. तिचं नाव अपोंडी. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या मुलखाच्या नावाने हाक मारतात, म्हणून सगळी गल्ली तिला 'उगेन्याची लेक' म्हणते. पहिल्यांदा माझा पडदा उजळला तेव्हा तिने मला "शाबास रे म्हाताऱ्या" म्हटलं. म्हणजे मी जन्मलो तोच म्हातारा.

माझं काम व्हिडिओ गेम खेळवण्याचं. खेळ बरेच होते, पण खेळला जायचा एकच, फुटबॉल. दुकानाचा नियम साधा: जो हरेल त्याने उठायचं, पुढच्याने बसायचं. आणि दुसरा एक रिवाज होता, तो मला फार आवडायचा. आमच्या लुओ लोकांत गाण्याबजावण्याच्या बैठकीत कुणीही पैसे ठेवून गाणं थांबवू शकतो आणि उभा राहून स्वतःचं, आपल्या मित्राचं कौतुक गाऊ शकतो. त्याला पाक्रुओक म्हणतात. आमच्या दुकानात तो रिवाज फुटबॉलमध्ये शिरला होता. गोल झाला, की गोल करणारा माझ्या डोक्यावर नाणं ठेवायचा, खेळ थांबवायचं बटण दाबायचा आणि उठून उभा राहायचा.

यात सगळ्यांत पुढे ओसिरो. दिवसभर मोटारसायकलवरून प्रवासी वाहणारा हा दणकट गडी इथे आला की राजा व्हायचा.

"ऐका रे!" तो गरजायचा. "मी ओसिरो! ज्याला बघून रस्त्यातले खड्डे आपणहून बुजतात! माझ्या मामाच्या गावचे कोंबडे मला विचारून आरवतात!"

"आणि सासऱ्याच्या गावचे?" मागून कुणीतरी विचारायचं.

"ते घाबरून अंडी घालतात!"

हसण्याने पत्रा थरथरायचा. मग खेळ पुन्हा सुरू. ती नाणी माझ्या डोक्यावर असत तोवर मला उगाच आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

पण मित्रांनो, माझ्या पोटात आणखीही काही होतं. खेळांच्या यादीत अगदी तळाला, जिथवर कुणी जात नाही, तिथे काही छोटे खेळ पडून होते. मोठमोठ्या कंपन्यांनी केलेले नव्हेत, एकेकट्या माणसाने घरात बसून केलेले. एकात फक्त एका बकरीला घरी आणायचं असतं आणि बकरी ऐकत नाही. दोघा भावांनी तो केला होता, आणि ती बकरी त्यांच्या घरातलीच असणार, इतकी ती खरी आहे. दुसऱ्यात रेल्वे स्टेशनावरचा एक शिंपी लोकांच्या उसवलेल्या कोटांवरून त्यांची दुःखं ओळखतो. तिसरा होता सरोवराचा. तो अदेरोने केला होता.

अदेरो म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या ओबुरा नाखव्याची मुलगी. दोन पावसाळे ती आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून हा खेळ करत होती, अर्धा माझ्यावरच. तो सोपा आहे. पहाट आहे, तुम्ही नाव पाण्यात लोटता, जाळं टाकता, मासे घेऊन परत येता. एवढंच. पण सरोवरात जलपर्णीची हिरवी बेटं तरंगत असतात, वारा फिरला की तीही फिरतात आणि परतीची वाट बुजवतात. वाऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. गुण नाहीत, शत्रू नाहीत, कुणी हरत नाही. रंग मात्र असे, की पहिल्यांदा तो पडद्यावर आला तेव्हा माझा दमेकरी पंखासुद्धा हळू झाला.

आणि याच खेळात अदेरोने एक चूक करून ठेवली. थांबवायचं बटणच ठेवलं नाही.

पहिल्या दिवशी ओसिरो मोठ्या मनाने खेळायला बसला. त्याला एक चांगला मोठा मासा लागला. झालं! त्याने माझ्या डोक्यावर नाणं ठेवलं, बटण दाबलं आणि उभा राहून सुरुवात केली, "ऐका रे! मी ओसिरो, ज्याचं नाव ऐकून मासे स्वतःहून मीठ लावून घेतात..." तो बोलत होता आणि पडद्यावर त्याची नाव निवांत वाहत जलपर्णीत घुसत होती. तो वळला तेव्हा नावेचं टोकही दिसत नव्हतं.

लोक पोट धरून हसले. ओसिरोचा चेहरा पडला.

"ज्या खेळात माणसाला स्वतःचं कौतुक करता येत नाही, तो काय खेळ म्हणायचा?" तो फणकारला. "ऊठ म्हाताऱ्या, फुटबॉल लाव."

त्यानंतर त्या खेळाला कुणी हात लावला नाही. अपोंडी येईल त्याला सांगायची, "एकदा खेळून तर बघ, आपल्या अदेरोचा आहे." लोक मान डोलवायचे आणि फुटबॉलच्या रांगेत उभे राहायचे.

"एक बटण टाक ना बाई," अपोंडी अदेरोला म्हणाली. "तुझं काय जातं?"

"सरोवर थांबतं का मावशी?"

"सरोवर नाही थांबत. गिऱ्हाईक थांबतं, तेही दुसऱ्या दुकानात."

अदेरो हसली नाही. हट्टीपणात ती बापावर गेली होती. त्या दोघांत बोलणंही बेताचंच होतं. ओबुराबाबांना वाटायचं, शिकलेली मुलगी दिवसभर एका उजळलेल्या चौकटीपुढे बसून जन्म वाया घालवते आहे. या दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते.

मग त्या वर्षीचा नवा फुटबॉल आला. तो भलताच लठ्ठ होता आणि माझ्या पोटात जागा नव्हती. अपोंडीने यादी खालून वर वाचली. खालचं सगळं पुसायचं ठरलं, बकरी, शिंपी आणि सरोवर.

"मला वाईट वाटतं गं," ती अदेरोला म्हणाली. "पण न खेळला जाणारा खेळ सांभाळून मी काय करू? शनिवारपर्यंत थांबते. एकानं, कुणाही एकानं तुझा खेळ शेवटपर्यंत खेळून दाखवावा. मग त्या सगळ्यांना हात लावणार नाही."

अदेरो म्हणाली, "पुसलात तर मीही सोडते मावशी. नैरोबीला आतेबहिणीच्या दुकानात काउंटरवर बसेन. बाबांनाही बरं वाटेल."

तिच्याकडे खेळाची प्रत होती, मित्रांनो. पण प्रत असणं वेगळं आणि खेळणारा असणं वेगळं. मी तिला किती महिने पाहत होतो. कुणी चुकून यादीत खाली आलं, की ती श्वास रोखून त्याच्या पाठीमागे उभी राहायची आणि तो पुन्हा वर गेला, की चहा आणायला निघून जायची. तो शनिवार मलाही नको होता. पण संगणक काय करणार? मी नुसता तापत राहिलो.

शनिवार आला. दुपारपर्यंत फुटबॉलच चालला. अदेरो दाराशी उभी होती, आत येत नव्हती. आणि तेवढ्यात पायरी चढून आले कोण? ओबुराबाबा! किनाऱ्यावरची वीज गेली होती आणि त्यांना फोन चार्ज करायचा होता. दाराशी उभ्या मुलीकडे न बघताच ते आत आले.

"बसा बाबा, वेळ लागेल," अपोंडी म्हणाली. तिने एकदा दाराकडे पाहिलं. अदेरोने घाईने मान हलवून खुणावलं, सांगू नका. अपोंडीने ओसिरोच्या हातातलं खेळायच्या बटणांचं पॅड काढून घेतलं.

"अगं उगेन्याच्या लेकी, मी जिंकतोय!"

"तू रोजच जिंकतोस. पाहुण्याला बसू दे." तिने सरोवराचा खेळ लावला आणि पॅड म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "घ्या, तोवर हे बघा. तुमच्या ओळखीचं आहे."

बाबांनी पॅड उलटं धरलं. पोरं खुसखुसली. ओसिरोने ते सुलटं करून दिलं आणि कुठलं बटण कशाचं, ते सांगितलं. नाव पाण्यात गेली. जिथे सगळे सरळ जायचे तिथे बाबांनी ती वळवली आणि उभीच ठेवली.

"चला की बाबा!" ओसिरो म्हणाला.

"गप रे. वारा बघू दे."

वारा फिरला. जलपर्णीचं बेट डुलत बाजूला झालं आणि मोकळ्या पाण्याची एक पट्टी उघडली. बाबा त्यातून सुटले. फुटबॉलच्या रांगेतली पोरं पडद्याजवळ सरकली.

"हे ज्यानं केलंय," बाबा पुटपुटले, "तो पाण्यावर गेलेला आहे. शाळेत हे शिकवत नाहीत."

जाळं टाकायची वेळ आली. तिथे अदेरोने एक बारीकशी गोष्ट ठेवली होती. जाळं टाकण्याआधी खेळातला नाखवा आपणहून वाकतो आणि नावेची कड हळूच थोपटतो, झोपलेल्या मुलाला थोपटावं तशी. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांची बोटं थबकली. आख्ख्या किनाऱ्यावर ही सवय एकाच माणसाला होती. आणि ती पाहायला पहाटेच्या त्या नावेत लहानपणी कोण बसायचं, हेही त्यांना माहीत होतं.

त्यांनी मान वळवली. दारात अदेरो उभी होती. तिने खाली पाहिलं.

बाबांनी खिसा चाचपला, नाणं काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. एकच ओरड झाली, "बाबा, नको! हा थांबत नाही!"

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "सरोवर कधी थांबतं का?" त्यांनी पॅड ओसिरोच्या हातात कोंबलं. "पोरा, माझी नाव धर."

आणि ते उभे राहिले.

"ऐका! मी ओबुरा! मला पोहता येत नाही असं पाण्यालासुद्धा कधी कळलं नाही! पण आज माझं नाव ते नाही. आज मी तो माणूस आहे, ज्याच्या मुलीनं आख्खं सरोवर उचललं, या डबड्यात ठेवलं आणि एक थेंब सांडू दिला नाही!"

'डबड्यात' हा शब्द मला लागला. पण ती वेळ रागावण्याची नव्हती.

"मी म्हणायचो, ही बसून राहते," बाबा दाराकडे वळून म्हणाले. "अरे, ही इतकी वर्षं वल्हवत होती! आणि किनाऱ्यावर मी पाठ करून उभा होतो!"

"बाबा, आटपा! वारा फिरला!" ओसिरो घामाघूम झाला होता.

"डावीकडे घे गाढवा! अदेरोची नाव आहे ती!"

"घेतोय, घेतोय! तुम्ही बोला!"

बाबा बोलले. आणखी बरंच बोलले, त्यांच्या आजोबांच्या बैलांपर्यंत गेले. ओसिरोने नाव जलपर्णीत अडकू दिली नाही. मग बाबांनी पॅड परत घेतलं आणि ती शांतपणे वाळूला लावली. खेळ संपला. ना गुण, ना शिट्टी, नुसता पाण्याचा आवाज. अदेरो दारातच खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. बाबा तिच्याशेजारी जाऊन बसले.

"झालं," अपोंडीने डोळे पुसले. "आता नव्या फुटबॉलला जागा कुठून आणू?"

"मागच्या वर्षीचा काढ ना," ओसिरो म्हणाला. "तसाच तर असतो."

तसंच झालं. अदेरो नैरोबीला गेली नाही. थांबवायचं बटणही तिने टाकलं नाही. पण त्यानंतर तो खेळ जोडीने खेळला जाऊ लागला. एक नाव धरतो, दुसरा उभा राहून कौतुक गातो. मात्र आमच्या दुकानात एक फरक पडला. नाव ज्याने धरली, त्याचं कौतुक आधी करावं लागतं.

खोटं कशाला सांगू, फुटबॉलची रांग अजूनही तीच आहे. आणि आता तर लोक फोनवरच खेळतात. मी दिवसाचा बराच वेळ झाकलेला असतो, माझ्यावर धूळ बसते आणि पंखा उन्हाळ्यात फार कण्हतो. मला त्याचं थोडं दुःख आहे, फार नाही. माझ्या पोटात बकरी अजून पळते आहे, शिंपी टाके घालतो आहे, आणि सरोवर हलतं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रावरची धूळ कधीमधी पुसा, एवढं तर मागतोच. पण त्याहून मोठं मागणं दुसरंच आहे. यादीत कधीतरी अगदी खालपर्यंत या. ज्याचं नाव कुणी घेत नाही असा एखादा खेळ उघडा आणि तो शेवटपर्यंत खेळा. आवडला तर मनात ठेवू नका. पुढच्या माणसाला सांगा, आणि ज्याने केला त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा. ओबुराबाबा मागच्या वर्षी गेले. त्यांनी बोलायला उशीर केला होता, पण ते बोलले तेव्हा अदेरो दारात होती.