आठ घड्यांची पुंगळी

दोष : तोंड मिटत नाही.

काडतुसाचं. हे आधीच सांगितलेलं बरं. कुरुळीतल्या त्या घरात दुपारपासून हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं होतं की स्वयंपाकघरातून शालनआत्या दर वेळी विचारत होती, "काडतुसाचं का विजीचं?"

"दोघांचं," विजयश्री म्हणाली आणि प्रेसचा दांडा पुन्हा खाली ओढला.

टेबलाला शिकंज्यात धरलेली छोटी हातप्रेस. तिच्यात उडालेल्या काडतुसाची रिकामी प्लास्टिकची पुंगळी उभी करायची, आत बंदुकीची दारू आणि छर्रे भरायचे आणि वरचं तोंड घड्या घालून मिटायचं. परवान्यावर घरी भरायची मुभा होती. खरी दारू आतल्या कपाटात कुलपात होती. चाचणीपुरता दारूच्या जागी रवा.

"माझा लाडवाचा रवा," आत्या.

दांडा वर. तोंड अर्धवट. मधोमध भोक, भोकातून एक छर्रा बाहेर डोकावतोय.

दोष तोच. परिणाम :

मागच्या खेपेला नेमबाजी क्लबच्या रेंजवर तिचं असंच एक काडतूस सेक्रेटरी साहेबरावांच्या तळहातावर सांडलं होतं. सगळ्यांसमोर. "काडतूस हाय का मुरमुऱ्याची पुडी? बायांनी घरी पापड करावं, राव." लोक हसले. मग नियम निघाला : घरी भरलेली काडतुसं तपासल्याशिवाय चालणार नाहीत, आणि एक जरी उघडं निघालं तर सगळी बाद. दुकानातला माल बाकीच्यांनी आधीच उचललेला. उद्या सकाळी राज्याच्या संघाची निवड. ही तोंडं मिटली तर विजयश्री उडत्या तबकड्यांवर बार टाकणार, नाहीतर बाकावर बसून इतरांना टाळ्या वाजवणार.

टाळ्या तिला येत नव्हत्या.

संभाव्य कारण, दौलतरावांच्या मते : प्रेस पुरती खाली येत नाही.

उपाय, दौलतरावांचा, जगातल्या कुठल्याही दोषावर : पॅकिंग मार.

दौलतराव म्हणजे विजयश्रीचे आप्पा. उभी हयात चाकणच्या एका कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये गेलेली. तिथे काम बसत नसलं की खाली पत्र्याची चकती सारायची, म्हणजे पॅकिंग, आणि दणका द्यायचा. घरातलं कपाट, गॅसची शेगडी, देव्हारा, सगळं पॅकिंगवर उभं. त्यांनी चहाचा डबा कापून चकती केली, पुंगळीखाली सारली.

"आता वढ."

ओढला. तोंड बेंबीसारखं आत गेलं आणि

दोष दुसरा : पोट फुगतं.

"मेलं काय काय ऐकायचं या घरात!" आत्या.

फुगलेली पुंगळी बंदुकीच्या नळीत जाईना. आप्पांनी पातळ चकती कापली. मग त्याहून पातळ. मग दोन पातळ एकावर एक, म्हणजे पुन्हा पहिलीच जाडी.

"काढा ते, आप्पा."

"प्रेस मला शिकवतीस व्हय?"

"तुमच्याकडं पत्रा कोरा यायचा. गुंडाळीतून सुटलेला. ही पुंगळी आधी एकदा मिटलेली आहे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. आधी एकदा मिटलेली. तिने बिघडलेली पुंगळी खिडकीपाशी नेली, तोंड बोटाने उलगडलं. कडेला जुन्या घड्यांच्या पांढुरक्या रेषा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि त्या रेषांना आडव्यातिडव्या छेदत जाणाऱ्या नव्या.

तिने प्रेसचा घडी पाडणारा, ताऱ्याच्या आकाराचा साचा काढून पाहिला. आठ कोनांचा.

"सहाच्या घडीवर आपण आठाची घालतोय, आप्पा. कशी मिटेल?"

दौलतरावांनी पुंगळी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा मोजलं. मग खालची चकती स्वतःच्या हाताने काढली.

आता आत्या बाहेर आली, पदराला हात पुसत. "जुनी घडी मोडायची ना? मग इस्त्री फिरवा."

फिरवली.

दोष तिसरा : इस्त्रीला प्लास्टिक चिकटतं.

घरभर वास. खिडक्या उघडल्या. आत्या इस्त्री खरवडत बडबडत होती, "एकदा पडलेली घडी जात न्हाई बाई. तुझीबी वेळेत बसवायला पायजे व्हती."

"मी लुगडं न्हाई, आत्या."

दौलतराव हसले. दुपारपासून पहिल्यांदा.

मग पोतं ओतलं. रेंजवर बार झाल्यावर माणसं पुंगळ्या टाकून जातात. त्या तिने वेचून आणलेल्या. हे सहाचं, हे सहाचं, हे आठाचं, सहा, सहा. बाप-लेक फरशीवर बसून निवडत होते आणि गहू निवडत असल्यासारखी आत्याही कधी येऊन बसली ते कळलं नाही. सहाचा ढीग गुडघ्याएवढा. आठाचा परातीत मावला.

एका तबकडीवर दोन बार टाकायची मुभा असते. पहिला चुकला तर दुसरा. परातीतल्या पुंगळ्या एकेका बारालाच पुरत होत्या.

"साहेबरावाला फोन लावू?" आप्पा म्हणाले. "उसनी मागू. माणूस वाईट न्हाई."

"न्हाई."

"अगं, दुसरा बार—"

"दुसरा टाकायचाच न्हाई."

कुलूप उघडलं. रवा बाजूला झाला. आठाचं तोंड आठात मिटलं, गच्च, सपाट. आप्पा एकेक पुंगळी तिच्या हातात देत राहिले.

सकाळी साहेबरावांनी एकेक काडतूस अंगठ्याने दाबलं. कानाशी हलवलं. उपडं धरून झटकलं. तळहात रिकामाच राहिला. मागे उभे असलेले दौलतराव खाकरले.

"बरी हायत," साहेबराव म्हणाले. मग पिशवी उचलून तोलली. "पर एवढीच? दुसऱ्या बाराचं काय?"

"नाहीत."

"आमच्यातली घे. फक्त लिहून दे, पुढच्या येळंपासनं घरची आणणार न्हाई म्हणून."

"घरचीच आणणार, काका."

"एकेका बारावर निवड जिंकतीस व्हय?"

"तपासून झालं असेल तर पिशवी द्या."

ती रेषेवर उभी राहिली. एकच काडतूस घातलं, नळी मिटली, बंदूक खांद्याला लावली आणि तबकडी सोडायला हाक दिली. "हां!"

तबकडी डावीकडून सुटली. बार. तबकडी तशीच गेली, अखंड, गवतात पडली.

सगळे थांबले. सवयीने. दुसऱ्या बाराची वाट बघत. पंचाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. साहेबराव हाताची घडी घालून उभे.

विजयश्रीने बंदूक उघडली, रिकामी पुंगळी काढून खिशात घातली.

"चुकली म्हणून लिहा," ती पंचाला म्हणाली आणि पुढच्या जागेवर जाऊन, नवं काडतूस घालून उभी राहिली. "हां!"